गोपनीय, दोन प्रती

कचेरीसमोर टायपिंगचं दुकान चालवता चालवता ताईंना तेवीस वर्षांत एक गोष्ट पाठ झाली होती: समोरच्या इमारतीत काहीही धड चालत नाही. आताही तिथला प्रिंटर तीन महिने बंद होता आणि शिपाई सगळे कागद त्यांच्याकडे आणून टाकत होता. टाइप झालं की कच्चा कागद फाडून टोपलीत टाकायचा, ही कचेरीचीच पद्धत.

म्हणूनच पूल समितीत कुणी दबक्या आवाजात बोलायला लागलं की ताईंना हसू यायचं. कालव्यावरच्या पुलाला हात जाईल एवढी भेग पडली होती, शाळेची पोरं रोज त्यावरून जात होती, आणि तो बंद करा म्हणून सात माणसं म्हाताऱ्या मास्तरांच्या पुढच्या खोलीत जमायची. ज्यांना ती भेग दिसत नाही त्यांना आपण काय दिसणार, असं ताई म्हणायच्या. सगळे हसायचे. त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, भावोजी, सगळ्यांत मोठ्याने.

मंगळवारी दुपारी शिपायाने हाताने लिहिलेली चार पानं टेबलावर टाकली. वर लाल शाईत 'गोपनीय' लिहिलेलं. तासाभरात दोन प्रती हव्यात म्हणाला आणि बाकावर पेपर उघडून बसला.

पहिलीच ओळ ताईंनी दोनदा वाचली. 'पूल समितीच्या बैठकीचा वृत्तान्त.' खाली सही नव्हती, खबऱ्यांना देतात तसा नुसता एक आकडा होता. पण सही हवी कशाला? अख्खी ओळ लिहून मग एका दमात वरची रेघ ओढायची आणि शेवटी ती जरा वर न्यायची, हे अक्षर त्या झोपेतही ओळखतील. वडील गेल्यावर भावोजींनीच त्यांना टायपिंग शिकवलं होतं, या अक्षरातले उतारे समोर ठेवून. दोन वर्षं अडलेली भावोजींची पेन्शनची फाइल गेल्या महिन्यात कशी सुटली, तेही आता कळलं. राग आला, आणि रागाआधी रडू.

तिसऱ्या पानावर वाक्य होतं: 'पूल बंद करेपर्यंत इंजिनिअरला खोलीबाहेर पडू द्यायचं नाही.' ते ताईंचं होतं, शब्दन् शब्द. पुढे नाव मात्र मास्तरांचं. समासात कचेरीतल्या साहेबांच्या अक्षरात शेरा: 'सदर इसमास गुरुवारी सकाळी ताब्यात घ्या.'

भावोजींनी मेहुणीला वाचवलं होतं आणि मास्तरांना पुढे केलं होतं. मास्तर शहात्तर वर्षांचे. खिशात दम्याचा पंप, एक जिना चढला की दोनदा थांबणार. कोठडीत ते आठवडाही काढणार नाहीत, हे सांगायला डॉक्टर नको होता.

ताईंची बोटं चालत होती आणि डोकं त्याहून जोरात. नाव गाळलं तर भावोजींना पुन्हा विचारतील, आणि ते पुन्हा तेच सांगतील. खोटं नाव घातलं तर ही कचेरी त्या नावाचा कुणीतरी बापडा कुठूनतरी धरून आणेल. तेवढं काम तिला बरोबर जमतं. साहेब टाइप केलेलं वाचत नाहीत, सही ठोकतात. पोलीस जाणार ते टाइप केलेल्या नावावर.

"झालं का, ताई?" शिपायाने पान उलटत विचारलं.

त्यांनी तिसरं पान पुन्हा लावलं. मास्तरांच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव टाइप केलं, वडिलांच्या नावासकट, पत्त्यासकट. मग चारही कच्चे कागद बारीक फाडून टोपलीत टाकले.

"चूकबीक नाही ना?"

"एक होती," ताई म्हणाल्या. "दुरुस्त केली."

प्रती न बघताच काखोटीला मारून तो रस्ता ओलांडून गेला. ताईंनी बहिणीला फोन लावला. गुरुवारी सकाळी लवकर ये म्हणाल्या, दुकानाची किल्ली तुझ्याकडे द्यायची आहे.

"आणि भावोजींनाही आण," त्या म्हणाल्या. "त्यांनी समोर असायला हवं."