टाक्याकडची वाट

आमच्याकडे वाळवंटात खडकांचे कडे चढायला येणाऱ्या पाहुण्यांना नेणारे वाटाडे वेगळे आणि दैफल्लाह वेगळा. तो म्हाताऱ्याकोताऱ्यांना न्यायचा. गुडघे धरलेल्या बायका, पोट सुटलेले पुरुष, कडेवर लेकरू असलेल्या आया, सगळे त्याच्या वाट्याला. सरकारी राखीव उद्यानाच्या फाटकापासून लाल टेकाडाच्या पायथ्याशी, तिथून जुनी अक्षरं कोरलेल्या कड्याला धरून सावलीच्या घळीत, आणि घळीच्या शेवटी रानअंजिराखालच्या टाक्यापाशी चहा. एवढीच त्याची फेरी. दोर लावून चढणारे वाटाडे त्याला चिडवायचे.

"काय दैफल्लाह, आज कुणाला पाळण्यात घालून आणलंस?"

"तुमचे पाहुणे वर चढून देवाची करणी बघतात, माझे खाली बसून बघतात. करणी तीच," तो म्हणायचा.

त्याची आई बाळंतपणातच गेली होती. बापाच्या बहिणीनं, नौफाआत्यानं, आपल्या मुतेबबरोबर त्यालाही अंगावर पाजून वाढवलं. आमच्यात एका दुधावरची मुलं सख्खीच धरतात. पुढे मुतेब उद्यानात नोकरीला लागला. वाट कळावी म्हणून जागोजागी दगडांच्या उतरंडी रचलेल्या असतात, त्या जागच्या जागी आहेत ना हे बघणं त्याचं काम.

आत्याच्या शेळ्या दुपारी त्याच टाक्यावर पाणी प्यायच्या. पाहुणे वाढले तशी तिची कुरकुर वाढली.

"तुझे पाहुणे माझ्या शेळ्यांच्या पाण्यात पाय सोडून बसतात," ती दैफल्लाहला म्हणाली. "काल एकीनं साबण लावून केस धुतले. एका शेळीनं तोंड लावलं नाही."

"मी सांगतो उद्यानाच्या कचेरीत."

"सांग. आणि ते काय करतात तेही येऊन सांग मला."

कचेरीनं पाटी लावली. पाहुण्यांनी पाटीवर ओले मोजे वाळत घातले.

मग एका दुपारी दैफल्लाह एकटाच घळीत गेला आणि डावीकडे टाक्याला वळवणाऱ्या उतरंडी त्यानं मोडल्या. तेच दगड वाहून उजव्या फाट्याला रचले. उजवी घळही सावलीची, तीही पुढे टेकाडालाच उतरते. मध्ये एका ठिकाणी तेवढी पुरुषभर उंचीची उडी आहे. दैफल्लाहच्या पायांना ती पायरीच वाटायची. लहानपणी मुतेब आणि तो तिथून हसत उड्या मारायचे. मुतेबला संध्याकाळी सांगू, असं त्यानं ठरवलं. संध्याकाळी घरी पाहुणे आले, ते राहिलं. दुसऱ्या दिवशी सांगायला त्याची जीभ रेटेना. मुतेब म्हणाला असता, परत रच जागेवर.

असे थोडे दिवस गेले. आपल्या पाहुण्यांना तो घळीच्या तोंडाशीच चहा देऊन परत आणू लागला. एका सकाळी दैफल्लाह अकबा शहराला सामान आणायला निघाला होता. जीप फाटकाशी उभी होती, तो आत बसलेला. मिलेना नावाची एक वयस्क बाई, निवृत्त शिक्षिका, एकटीच आली होती. तिनं मुतेबला वाट विचारली. मुतेब नेहमीसारखाच बोलला, "अगदी सोपी वाट आहे, मावशी. दगडांच्या उतरंडी धरून जा. त्या सोडू नका म्हणजे झालं."

दैफल्लाहनं ते ऐकलं. त्यानं तिचे पातळ तळाचे बूटही पाहिले. उतरून एक वाक्य बोलायचं होतं. पण कचेरीतले साहेब शेजारीच उभे होते, बोललं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. बसून घसरेल, होईल काहीतरी, असं तो मनाशी म्हणाला. जीप निघाली.

ती त्या उडीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. दुपार झाली तरी बाई परतली नाही म्हणून मुतेब माणसं घेऊन शोधायला निघाला, आणि त्याला ठाऊक असलेल्या वाटेनं थेट टाक्यावर गेला. आजूबाजूच्या सगळ्या कपारी त्यांनी धुंडाळल्या. उजव्या घळीत जायचं कुणाच्या डोक्यात येईल? उन्हं कलता कलता दैफल्लाह परतला. फाटकाशी त्याला कळलं, आणि तो कुणाशी न बोलता पळत सुटला. ती तिथेच होती. ओठ फुटलेले, पण शुद्धीवर. तिनं त्याचा हात धरला तो दवाखान्याच्या गाडीपर्यंत सोडला नाही.

"तुला कसं कळलं रे?" सगळ्यांनी विचारलं.

"अंदाज," तो म्हणाला.

त्या अंदाजाचं आम्ही केवढं कौतुक केलं. त्याच्यासाठी बोकड कापला. आलेल्या-गेलेल्याला त्याची गोष्ट सांगू लागलो. इकडे चौकशी झाली. उतरंडी चुकीच्या घळीत सापडल्या. "गेल्याच आठवड्यात मी पाहिल्यात, डावीकडेच होत्या," असं मुतेब शपथेवर सांगत राहिला. साहेब म्हणाले, "म्हणजे तू पाहायला गेलाच नाहीस, नाहीतर आईच्या शेळ्यांसाठी तूच हलवल्यास." त्याची नोकरी गेली. तो अकबाच्या बंदरात पोती उचलायला लागला.

दैफल्लाहनं आत्याच्या घरी जाणं कमी केलं. गेला तर चहा न घेता उठायचा. एकदा मुतेबच्या मुलांसाठी म्हणून करडू घेऊन गेला. मुतेब म्हणाला, "मला कशाला भेटी आणतोस? नोकरीच गेली आहे, कुणी मेलं नाही." दैफल्लाह करडाची दोरी हातात धरून उभाच राहिला. त्याला सांगायचं होतं, पण सांगितलं तर आत्याला कळणार की तिच्या कुरकुरीपायी तिच्याच मुलाचं पोट गेलं. निदान तो स्वतःला तसं समजावत होता.

काही वर्षांनी एका ईदला आम्ही सगळे मुतेबच्या तंबूत जमलो. मुतेब कॉफी देत होता. अबू हुवेमिल नावाचे आमच्यातले वडीलधारे एका परगावच्या पाहुण्याला दैफल्लाहची गोष्ट रंगवून सांगत होते. घारीची नजर आहे पोराची, असं काहीसं. मुतेबनं दैफल्लाहपुढे पेला धरला. त्यानं तो घेतला आणि न पिता खाली ठेवला. ज्याचं काही मागणं असतं तोच असा पेला ठेवतो.

"पी रे. काय हवंय तुला?" मुतेब म्हणाला.

"उतरंडी मी हलवल्या होत्या."

मुतेब हातात किटली घेऊन तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "त्या सकाळी तू जीपमध्ये बसला होतास. मी तिला वाट सांगत होतो ती ऐकलीस?"

"ऐकली."

"अच्छा," मुतेब म्हणाला. त्यानं तो पेला उचलला, कॉफी वाळूत ओतली आणि पुढच्या माणसाला नवी दिली.

दैफल्लाह उठून बायकांच्या बाजूला आत्याकडे गेला. ती पीठ मळत होती. मधल्या कनातीमागून तिनं सगळं ऐकलं होतं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "टाक्यावर माणसं यायची थांबली त्याच दिवशी कळलं. दुसरं कोण करणार होतं?"

"मग बोलली का नाहीस, आत्या? मुतेबची नोकरी गेली."

"कुणाचं नाव घेऊ? दोघंही माझ्याच अंगावर प्यायलात." ती पिठाकडेच बघत होती. "आणि खरं सांगू? पाणी परत स्वच्छ झालं होतं. मला बरं वाटत होतं. पोरगा पोती उचलत होता आणि मला शेळ्या बघून बरं वाटत होतं."

त्यानंतर दैफल्लाह कचेरीत जाऊन सांगून आला. हंगामभर त्याला पाहुणे न्यायची बंदी झाली. मुतेबला परत बोलावणं आलं, तो गेला नाही. "बंदरात मला कुणी वाट विचारत नाही," म्हणाला. मिलेनाबाई दर नव्या वर्षाला दैफल्लाहला फोन करायची. त्या वर्षी त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं फोन ठेवला. पुन्हा तिचा फोन आला नाही.

"बरोबर केलं तिनं," तो मला म्हणाला. "मी असतो तर शिव्या दिल्या असत्या."

आत्या वारली. तिला खाली उतरवताना दोघं भाऊ कबरीत शेजारी उभे होते, पण एकमेकांशी बोलले ते फक्त दगड कुठे ठेवायचा एवढंच. पुढेही तसंच चाललं. लग्नाकार्यात दिसायचे, सलाम व्हायचा, बस.

गेल्या हिवाळ्यात मुतेब कंबर धरल्यामुळे कायमचा गावी परतला. एका सकाळी दैफल्लाहच्या दाराशी काठी टेकत आला.

"डॉक्टरनं चालायला सांगितलंय," तो म्हणाला. "सपाटीनं. तुझ्या त्या म्हाताऱ्यांच्या वाटेनं ने."

मी माझ्या अंगणातून त्यांना निघताना पाहिलं. दैफल्लाह पुढे, मध्येच थांबून मागे बघत, प्रत्येक दगडापाशी काहीतरी सांगत. मुतेबचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू आला.

"वाट माहीत आहे मला. गप चाल."

अजून दोघं शुक्रवारी नमाजानंतर जातात. परत येईपर्यंत काय बोलतात, की बोलतच नाहीत, ते मी कधी विचारलं नाही.