सिस्टरनं ठेवलेली अंगाऱ्याची पुडी

दोस्तांनो, अण्णा आज घरी आले! दिंद्रुडच्या घरात बापाची कुरकुर परत ऐकू येतीय, अन् ती लई गोड लागतीय.

साध्या फ्लूनं अण्णा व्हेंटिलेटरवर गेलते. त्यात रक्तात बुरशी झाली, अन् तिला नेहमीचं औषध लागूच पडंना. डॉक्टरांनी पुन्हा तपासणी करून औषध बदललं.

त्याच दिवशी मी देवीचा अंगारा घेऊन आयसीयूत शिरलो. कपाळाला लावणार, तेवढ्यात सिस्टरनं पुडी काढून घेतली. मी आवाज चढवला, "देवाच्या कामात कावून आडवं येता?"

त्या एवढंच म्हणल्या, "ही बुरशी हातानं पसरते, दादा. शेजारच्या खाटेवर पण कुणाचा तरी बाप आहे."

नव्या औषधानं बुरशी गेली, अन् आज सुट्टी झाली. सिस्टरनं कप्प्यातून तीच पुडी काढली. "आता लावा. पण आधी हात धुवा."

मी हात धुऊन अण्णांना अंगारा लावला. अण्णांनी त्यातलीच चिमूट घेऊन सिस्टरच्या कपाळाला लावली.

तिथं सिस्टरची माफी मागायची राहिली, म्हणून इथं मागतो. दुसऱ्या कुणाच्या बापासाठी तुम्हाला असं आडवं आलेलं कुणी हाय का?