मागचे तीन प्लग

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, कुणावरही विश्वास ठेवत नाहीत. लग्न ठरलं तेव्हा आमच्या वडिलांनी त्यांना हौसेने घड्याळ दिलं, तर यांनी सगळ्यांसमोर त्याचं मागचं झाकण उघडून आत डोकावून बघितलं. आई सावरून घेत म्हणाली, ‘मुलगा चौकस आहे हो.’ चौकस कसला, संशयी आहे. भाजीवाला वजन करताना हे काट्याकडे बघत नाहीत, भाजीवाल्याच्या कोपराकडे बघतात.

त्यांचं गॅरेज आहे. उंची, महागड्या गाड्या तिथे येतात. पुढच्या टेबलावर मी बसते, फोन घेते, सुटे भाग मागवते. ही नोकरी मला विश्वासामुळे मिळाली असं कुणी समजू नये. मेहुणी पळून पळून जाणार कुठे, एवढाच त्यांचा हिशेब होता.

कामातही तीच तऱ्हा. नवा स्पार्क प्लग खोक्यातून निघाला की आधी भिंगाखाली जाणार, कारण बाजारात बनावट माल फार. जुना निघाला की त्याचं टोक पकडीने पिरगाळणार, नाहीतर कुणी घासूनपुसून नवा म्हणून विकेल. प्लग बसवला की पुन्हा पाना लावून बघणार, मग आणखी एकदा. आणि ज्या बोल्टला स्वतःचा हात लागला, त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका देणार. म्हणजे नंतर दुसऱ्या कुणी उचापती केल्या तर लगेच कळावं. ती बाटली कायम त्यांच्या वरच्या खिशात. ताईने नखं रंगवणं कधीच सोडलं, पण लाल नेलपॉलिश अजून विकत आणते.

गेल्या वर्षी एकदा त्यांच्या खणात तीन कोरे प्लग सापडले. भाऊजींच्या मनात लगेच पाल चुकचुकली. ‘हा दुकानदाराचा डाव आहे. जास्तीचे पाठवायचे, आपण फुकटात मिळाले म्हणून बसवायचे, आणि इंजिनाची वाट लागली की नाव कुणाचं खराब? आपलं.’ तिन्ही प्लगांची टोकं पिरगाळून त्यांनी ते भंगारात फेकले. दुकानदार फोनवर गळ्याची शपथ घेत राहिला. मी हळू आवाजात त्याची माफी मागितली.

गॅरेजमध्ये तिसरा माणूस म्हणजे पैलवान. फुंकर मारली तर उडेल इतका बारीक, म्हणून हे नाव. भाऊजींचे केस काळे होते तेव्हापासून तो त्यांच्या हाताखाली आहे. बोलणं जेवढ्यास तेवढं. पण वर्षभरापासून भाऊजींना त्याचाही संशय येऊ लागला होता. ‘माझं काम झालं की हा मागून बॉनेट उघडून बघतो. कुठेतरी पाणी मुरतंय. स्वतःचं गॅरेज काढायचंय याला, माझी गिऱ्हाइकं घेऊन.’

मी आधी हसण्यावारी नेलं. मग एका दुपारी भाऊजी चहाला गेले आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. पैलवानाने झटकन बॉनेट उचललं, आत पाना फिरवला आणि आवाज न करता बंद केलं. वर इकडेतिकडे बघून घेतलं. मला त्याचा रागच आला. घरी जाऊन ताईला सांगितलं, तर कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, ‘तू तुझं टेबल सांभाळ.’ माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग मला ताईचाही संशय यायला लागला. संगतीचा परिणाम, दुसरं काय.

अशात एका वकिलीणबाईंची गाडी आली. काळी, आलिशान एसयूव्ही, पायरीवर पाय ठेवल्याशिवाय आत बसता येत नाही अशी. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, चढावर झटके द्यायची. बाई खाली उतरल्या त्याच कपाळाला आठ्या घालून.

‘गेल्या वर्षी तुमच्याकडेच प्लग बदलले. सहाच्या सहा. मग हे काय चाललंय?’

‘प्लगचा प्रश्न नसणार, बाई,’ भाऊजी म्हणाले. ‘ह्या इंजिनात तीन प्लग पुढे असतात, ते कुणालाही काढता येतात. मागचे तीन ह्या हवेच्या मोठ्या खोक्याखाली. तो अख्खा उतरवावा लागतो. म्हणून लबाड लोक पुढचे तीन बदलतात आणि सहा बदलले म्हणून सांगतात. आमच्याकडे असलं चालत नाही.’

‘मग उतरवा. मी इथेच उभी आहे.’

पैलवान पुढे झाला. ‘मालक, बाईंना आत बसू द्या. ऊन आहे. मी काढतो.’

‘का?’ भाऊजींनी त्याच्याकडे रोखून बघितलं. ‘बाईंनी बघू नये असं काय आहे आत?’

पैलवान मागे सरला. भाऊजींनी स्वतः तो खोका उतरवला आणि मागचा पहिला प्लग काढला. टोक झिजून गोल झालेलं, मधली फट रुंदावलेली, अंगावर गंज. दुसराही तसाच. तिसराही.

‘म्हणजे मला फसवलंत,’ बाई म्हणाल्या.

भाऊजी वळले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. ‘पाना ठेव खाली,’ ते पैलवानाला म्हणाले. ‘इतकी वर्षं माझं मीठ खाल्लंस आणि हे केलंस? उद्यापासून येऊ नकोस.’

पैलवानाने एकदा इंजिनाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पाना ठेवला, फडक्याला हात पुसले आणि फाटकाजवळच्या नळाकडे चालू लागला. खोटं कशाला सांगू, सापडला एकदाचा चोर, असंच मला वाटलं. माणूस निर्दोष असता तर बोलला नसता का?

पुढचे तरी बदललेत याची बाईंची खात्री पटावी म्हणून भाऊजी ते प्लग दाखवायला वाकले. टॉर्चचा उजेड पडला आणि ते थांबले. पुढच्या तिन्ही प्लगांच्या बोल्टांवर लाल ठिपके होते. मागच्या एकाही बोल्टवर नव्हता.

त्यांनी एका ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग नखाने खरवडून बघितला. मला खणातले ते तीन कोरे प्लग आठवले. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. त्या ठिपक्यांचा अर्थ तिथे आम्हा दोघांनाच ठाऊक होता.

‘काढून टाकलंत ते बरं केलंत,’ बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज निवळला होता. ‘अशी माणसं धंदा बुडवतात. तुमची काय चूक त्यात?’

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. गॅरेजचं नाव राहिलं असतं, भाऊजींचंही. ते मान हलवतील अशी मला भीती वाटली, आणि मी काही बोलणार नाही अशी त्याहून जास्त.

‘नाही बाई,’ भाऊजी म्हणाले. ‘हे काम माझ्या हातचं आहे. मागचे तीन माझ्याकडून राहिले. कसे राहिले ते मला आठवत नाही.’

टॉर्च माझ्या हातात देऊन ते फाटकाकडे गेले. मीही मागोमाग गेले. पैलवान अजून नळाखाली हात चोळत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

‘बोलला का नाहीस?’ भाऊजींनी विचारलं.

‘गिऱ्हाइकासमोर?’

‘माझ्या मागून बॉनेट उघडून काय बघायचास?’

पैलवानाने नळ बंद केला. ‘बोल्ट. एखादा सैल राहायचा कधीकधी. मी आवळून ठेवायचो. ही गाडी गेल्या वर्षी आली तेव्हा मी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर होतो. नाहीतर हीसुद्धा बघितली असती.’

‘आणखी कुणाला माहीत आहे?’

तो खाली बघत म्हणाला, ‘वहिनींना. “घरीही हे विसरायला लागलेत, तू मागून एकदा नजर टाकत जा,” असं त्यांनीच सांगितलं होतं.’

भाऊजी तिथल्याच जुन्या टायरवर बसले. ‘म्हणजे तुम्ही सगळे माझ्यावर पाळत ठेवून होतात,’ ते म्हणाले. आवाजात राग शोधूनही सापडला नसता. मला रडू आलं. ज्या माणसाला मी मनातल्या मनात चोर ठरवलं, त्याच्याकडे मान वर करून बघवेना.

मग भाऊजी टायरवरून उठले. ‘चल,’ ते पैलवानाला म्हणाले. ‘बाई खोळंबल्यात.’

नवे प्लग त्यांनी भिंगाखाली धरले नाहीत. पैलवानाने माझ्याकडून टॉर्च घेतला आणि त्यांच्या शेजारी वाकला. भाऊजींनी मागचा पहिला प्लग आत सरकवला, पान्याने आवळला, सवयीने पुन्हा आवळायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

‘लागला का रे?’ त्यांनी विचारलं.

‘लागला, मालक.’

‘नक्की?’

‘नक्की.’

त्यांनी पाना बाजूला घेतला आणि दुसऱ्या प्लगसाठी हात पुढे केला.