त तंबाखूचा

माझी अक्षरओळख मोर्चाच्या पत्रकांवर झाली. वडील उरलेले गठ्ठे घरी आणायचे आणि मी ठळक मथळ्यांवरून बोट फिरवायची. अक्षरं काहीतरी मागण्यासाठी असतात, हे मला बाराखडीआधीच कळलं.

निपाणीत आमच्या गल्लीतल्या समाजमंदिरात मी संध्याकाळी लहान पोरांना अक्षरं शिकवू लागले, तेव्हा भिंतीवर छापील तक्ता होता. अ अननसाचा, त तलवारीचा. गल्लीत अननस कुणी कापला नव्हता आणि तलवार दिसायची ती पुतळ्याच्या हातात. मी तक्ता उतरवून कोरा पुठ्ठा लावला. शब्द पोरांनी सांगायचा, मी लिहायचा.

विडी वळणाऱ्या एका बाईची पाच वर्षांची मुलगी यायची. अंगणवाडीत तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं.

"घरात लई बोलती, आक्का," आई म्हणायची. "भाईर आली की मुकी. शाळेत अशीच ऱ्हायली तर मागं बसवून इसरून जातील तिला."

'त' आला त्या दिवशी पोरं तवा, तांब्या ओरडत होती. ही माझ्या गुडघ्याशी आली आणि हळूच म्हणाली, "तंबाखू."

मी तो शब्द सगळ्यांत मोठा लिहिला. वर्ग सुटेपर्यंत ती त्यावरून बोट फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी वर्ग चालू असतानाच समाजमंदिराची व्यवस्था बघणारे आप्पा आले.

"हे काय गं? पाव्हणं येणार हाईत उद्या. समाजमंदिरात तंबाखू? पूस ते."

"न्हाई पुसणार. त्या पोरीनं इथं उच्चारलेला पहिला शब्द हाय तो."

"वाईट गोष्ट हाय ती. लेकरांना हेच शिकवायचं व्हय?"

"वाईट हाय तर आधी गावातल्या तंबाखूच्या वखारी पुसा, आप्पा. पोरीचा शब्द कशाला पुसताय?"

आप्पांनी स्वतःच ओलं फडकं उचललं. मी पुठ्ठ्यासमोर उभी राहिले. तेवढ्यात माझ्या पाठीमागून खणखणीत आवाज आला, "आप्पा, तुमच्या खिशात हाय की!"

आप्पांचा हात आपसूक खिशाकडं गेला. पोरं हसून लोळायला लागली.

"कुणाची गं ही? लई तिखट दिसती."

"हीच ती मुकी," मी म्हणाले.

आप्पांनी फडकं खाली ठेवलं. "ऱ्हाऊ दे. पण पाव्हण्यांना तू सांग, मी न्हाई सांगणार."

ते गेले तरी पोरगी थांबेना. पुढं 'थ' होता. एक पोरगा म्हणाला, थाळी.

"थाळी न्हवं," ही त्याच्या अंगावर धावली. "आमच्यात ताट म्हणत्यात!"

"मग 'थ' कशाचा, तूच सांग की!"

भांडण रंगलं. आई तिला न्यायला आली होती. चपला हातात धरून ती दारातच उभी राहिली, ऐकत. लेकीला तिनं हाक मारली नाही.