जिवंत कवींची कुंदा

कुंदा गेली हे मला नोटीसबोर्डावर कळलं. भाच्याच्या लग्नाला मी रत्नागिरीला गेले होते. निघण्याआधी घाटकोपरला तिला भेटून आले, तेव्हा तिला कावीळ झाली होती. डोळे पिवळेजर्द, पण तोंड नेहमीसारखं चालू. "उसाचा रस पाजून पाजून आता मलाच चरकात घालतील गं," म्हणाली. मला वाटलं, मी परत येईपर्यंत ही उठून स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसलेली असेल… सोमवारी मुलुंडला कॉलेजात शिरले, तर जिन्याखालच्या काचेच्या पेटीत, फी भरायच्या शेवटच्या तारखेशेजारी एक कागद टाचलेला. "कै. प्रा. कुंदा, अमेरिकन कवितेच्या गाढ्या अभ्यासक, यांच्या निधनाबद्दल शोकसभा." मला रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो संताप. गाढ्या अभ्यासक! अरे, ह्याच अमेरिकन कवितेपायी तुम्ही तिला वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसवलंत आणि आता टाचण्या मारताय? दोन-तीन आठवडे झाले, राग उतरत नाही. म्हणून हे लिहितेय. कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या तर झोंबू देत.

आमची ओळख स्टाफरूममधली. ती इंग्रजी शिकवायची, मी मराठी, आणि खिडकीजवळचं टेबल दोघींत एक. इंग्रजीची बाई म्हटल्यावर डोळ्यापुढे जे येतं त्यातलं तिच्यात काहीच नव्हतं. घरी आईबरोबर मालवणी, आमच्याशी मुंबईची मराठी, आणि वर्गात स्वच्छ, साधं इंग्रजी. तिच्या बोलण्यात 'मेला' हा शब्द उठता-बसता यायचा. कोकणातल्या बायकांच्या तोंडात असतो तसा. मेला पंखा, मेली बस, मेला प्रिन्सिपॉल. रागावली की मेला आणि जीव जडला तरी मेला. हा शब्द मी उगीच सांगत नाहीये. पुढे सगळी वाट लागली ती ह्याच शब्दामुळे.

तिला ते अमेरिकन कवी कुठे सापडले, तर फडताळात. गिरणी बंद पडल्यावर तिचे बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरला लागले होते. तिथे अमेरिकेहून यंत्रं यायची, लाकडी खोक्यांत, आणि ती हलू नयेत म्हणून भोवती चुरगळलेले कागद ठासलेले असायचे. बाबा ते कागद घरी आणायचे, डब्यांखाली घालायला. एका दिवाळीच्या साफसफाईत कुंदाने डाळीचा डबा उचलला तर खाली कविता! कुठल्याशा छोट्या मासिकाची पानं होती. ती तिने पाण्याचा हबका मारून इस्त्री केली. खरंच सांगते, साडीला करतात तशी. दुसऱ्या दिवशी ती पानं घेऊन स्टाफरूममध्ये आली, ती बसस्टॉपपासून धावतच आल्यासारखी. "अगं वाच ना, मेला काय लिहितो!" कविता एका शेळीच्या बाळंतपणावर होती. बाहेर बर्फ पडतंय, माणूस गोठ्यात कंदील घेऊन बसलाय आणि त्याला स्वतःच्या आईची आठवण येतेय, एवढंच. मी म्हटलं, चांगली आहे. ती म्हणाली, "चांगली नाही गं, हे बघ!" मासिकाच्या शेवटी कवींची माहिती होती, एकेका ओळीची. हा गृहस्थ कुठल्याशा खेड्यात राहतो, शाळेत शिकवतो, आणि बकऱ्या पाळतो. "पाळतो! 'पाळत असे' नाही. आत्ता, ह्या क्षणी तो मेला बकऱ्यांना चारा घालत असेल!"

तेव्हापासून त्याचं नाव आमच्यात बकऱ्यावाला पडलं. मग तिला नादच लागला. बाबांकडून कागद, घाटकोपर स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून जुनी मासिकं, फोर्टातल्या लायब्ररीत दर आठवड्याला खेप. एक नर्स सापडली, रात्रपाळीवर कविता लिहिणारी. एक सापडला तो तुरुंगात कैद्यांना लिहायला शिकवायचा. मासिक हातात आलं की कुंदा आधी शेवटचं पान उघडायची, कवी काय करतो, कुठे राहतो ते बघायला. मी चेष्टा करायची, "स्थळं बघतेस काय गं?" तर म्हणायची, "बघू दे ना. हात-पाय असलेली माणसं आहेत ही."

ह्यात तिचा जीव का अडकला होता ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं पोरखेळ वाटेल. आमच्या कॉलेजात येणारी पोरं कुठली? विक्रोळी-भांडुपच्या चाळींतली, देवनारकडून दोन बस बदलून येणारी. घरात शिकणारं ते पहिलंच. त्यांच्या पुस्तकातला प्रत्येक कवी कंसात दोन सालं घेऊन यायचा. जन्म, मृत्यू. कुंदाने एकदा वर्गात विचारलं की तुमच्यातलं कोण कोण कविता करतं? सगळे हसले. मागच्या बाकावरची रमा म्हणाली, "बाई, कविता मेलेली माणसं करतात ना?" ती टवाळी करत नव्हती, तिला तसं खरंच वाटत होतं. कुंदा त्या दिवशी डबा न खाता बसून राहिली. "अगं, जिवंत माणूस कविता करतो हेच ह्या पोरांना कुणी दाखवलेलं नाही. मग ती कशी करणार?"

झालं. तिने ठरवलं, टी.वाय.च्या ऐच्छिक पेपरात हयात अमेरिकन कवी आणायचे. निदान एक तरी. बकऱ्यावाला. रीतसर प्रस्ताव करून तिने अभ्यास मंडळाकडे पाठवला. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे बडं प्रस्थ. त्यांचं म्हणणं एकच, की हयात कवी अभ्यासक्रमात बसत नाही. काळाच्या चाळणीतून उतरू दे, मग बघू. शिवाय तो उद्या काही भलतंच लिहून बसला तर? आमच्या कुंदाने विचारलं, "सर, म्हणजे त्याने मरायची वाट बघायची का?" तर सर म्हणाले, "तसं नव्हे, पण साधारण तसंच." हे वाक्य कुंदा आम्हाला नक्कल करून दाखवायची, आणि आम्ही हसायचो… आता आठवलं की हसू येत नाही.

काही महिन्यांनी तिने तोच प्रस्ताव पुन्हा पाठवला, तेव्हा स्टाफरूममध्ये फोन आला. अध्यक्ष सरच होते, आधीचं सगळं बोलणं विसरून गेलेले. मंडळाची बैठक तोंडावर आली होती आणि ह्या कवीच्या नावापुढे दुसऱ्या सालाची जागा रिकामी का, असं ते विचारत होते. हा संशोधनाचा निष्काळजीपणा आहे म्हणे! मी शेजारीच बसले होते. फोनमध्ये नुसती खरखर. कुंदा ओरडून ओरडून तेच तेच सांगत होती आणि शेवटी वैतागली. वैतागली की तिच्यातली इंग्रजीची बाई गळून पडायची आणि आईची लेक वर यायची. ती ओरडली, "अहो सर, तो मेला मागच्याच वर्षी—" आणि लाईन गेली. पुढे तिला म्हणायचं होतं, मागच्याच वर्षी नवीन पुस्तक काढून बसलाय. ते तिने बंद रिसीव्हरला सांगितलं.

अध्यक्ष सरांना ऐकू यायचं तेवढं आलं, आणि नेमकं त्यांना हवं तेच आलं. बैठकीत पेपर विनाविरोध मंजूर! अभ्यासक्रमाची छापील प्रत हातात आली तेव्हा बकऱ्यावाल्याच्या नावापुढे कंसात दोन्ही सालं होती. धडधाकट माणूस, तिकडे बकऱ्यांचं दूध काढतोय, आणि इकडे आम्ही त्याला पोचवून मोकळे. मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. म्हटलं, "झकास! कुंदे, गप बस आता. तू मुलुंडात त्याला मारलंस म्हणून तिकडे त्याच्या बकऱ्या उपाशी राहणार नाहीत. पोरांना कविता तर वाचायला मिळेल!"

ती हसली नाही. "आणि परीक्षेत ती लिहितील, कवी होऊन गेला. त्याला मी बरोबरची खूण करू? हाच एक जिवंत म्हणून आणला होता ना गं मी!" मी पुष्कळ समजावलं, भांडलेसुद्धा. यार, एवढी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. कविता त्याच, कागद तोच, काय बिघडणार होतं? मला आजही वाटतं, तिने तेव्हा तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण ती कुंदा होती. तिने मंडळाला दुरुस्ती कळवली. कवी हयात आहे, कृपया मृत्यूचं साल काढून टाकावं. त्यांनी साल काढलं, आणि सालाबरोबर कवीही काढला. "तांत्रिक कारणास्तव." वर अध्यक्ष सरांनी भर बैठकीत तिला सुनावलं, "बाई, तुम्ही मंडळाची दिशाभूल केलीत." दिशाभूल! ज्यांना साधी मराठी ऐकू येत नाही त्यांनी हे म्हणावं! आणि त्या बैठकीतले विद्वान, ज्यांच्या ओठांवर एरवी शोधनिबंध असतात, ते मूग गिळून बसले. एकानेही विचारलं नाही की जिवंत असणं हा कवीचा काय गुन्हा आहे.

पुढे कॉलेजनेही हात झटकले. टी.वाय.चे वर्ग काढून घेतले आणि तिला कॉमर्सच्या पोरांना पत्रव्यवहार शिकवायला बसवलं. आपल्या ऑर्डरचा माल मिळाला, तीन नग फुटलेले निघाले, आपला विश्वासू. हे ती मरेपर्यंत शिकवत होती. पण शनिवारी दुपारी घाटकोपरच्या दोन खोल्यांत पोरं जमायची. ज्याला यायचं तो यायचा. नर्स, कैद्यांचा मास्तर, बकऱ्यावाला, सगळे तिथे हजर. कुंदा कविता इंग्रजीत वाचायची, मग मराठीत करून द्यायची. ह्या अनुवादांच्या तिने सायक्लोस्टाईल प्रती काढल्या होत्या. तिची आई आतून घावणे घालत असायची. तिथेच एका शनिवारी रमाने स्वतःची कविता वाचली. देवनारच्या कचऱ्याच्या वासावर, जो शाळेत असताना तिच्या युनिफॉर्मला लागलेला असायचा आणि ज्यामुळे बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहायची. वाचून झाल्यावर कुंदा एवढंच म्हणाली, "तुझ्या नावापुढे एकच साल आहे ना? मग लिहीत राहा." कुंदा खूश झाली की कशी दिसायची ते मी त्या दिवशी बघितलं. तसं परत दिसलं नाही.

शोकसभेला अध्यक्ष सर आले. नुसते आले नाहीत, बोलले. "काळाच्या पुढे पाहणारी प्राध्यापिका." मी तिसऱ्या रांगेत बसले होते, तळपायाची आग मस्तकाला जात होती. शेवटी त्यांनी जाहीर केलं की कुंदाबाईंचे अनुवाद अभ्यासक्रमात घेण्याचा विचार चालू आहे, घरच्यांची परवानगी तेवढी हवी. प्रिन्सिपॉलनी मला गळ घातली, तुम्ही बरोबर चला, आई तुम्हाला ओळखतात. गेले. काय बोलतात ते मला ऐकायचंच होतं.

वाटेत मी सरळ विचारलं, "सर, तो बकऱ्या पाळणारा कवी अजून जिवंत आहे. मग आता कसं चालणार?" ते शांतपणे म्हणाले, "मूळ कवी हयात आहेत हे खरं. पण अनुवादक दिवंगत झाल्या आहेत. त्यामुळे आता तांत्रिक अडचण येणार नाही." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय, एक अक्षर पदरचं नाही. माझ्या मैत्रिणीने मरून अडचण दूर केली होती.

मावशी, म्हणजे कुंदाची आई, खाटेवर बसल्या होत्या. सरांनी मोठ्या आवाजात, हळूहळू, सगळं समजावून सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती जिती होती तेव्हा तुमी खंय होतास?" सर म्हणाले, तेव्हा नियमात बसत नव्हतं. मावशी म्हणाल्या, "मगे आता पण बसूचा नाय. माझ्या चेडवाचा काय एक छापू नकात. जिते आसत त्यांचा शिकवा." सरांनी माझ्याकडे बघितलं, मी अर्थ सांगावा म्हणून. मी म्हटलं, "त्यांच्या मुलीचं काही छापायचं नाही. जे जिवंत आहेत त्यांचं शिकवा, असं म्हणतायत. सर, आतातरी नीट ऐकू आलं ना?"

परवा शनिवारी मी पुन्हा गेले. मला वाटलं होतं, मावशी एकट्या असतील. पण पोरं आलेली होती, दाराबाहेर चपलांचा ढीग. रमाच्या हातात रद्दीवाल्याकडचं कुठलं तरी मासिक होतं, कुठल्याशा नव्या कवयित्रीचं नाव तिने कसंबसं उच्चारलं आणि थांबली. कुंदाच्या जागेवर कोणी बसलेलं नव्हतं, आणि सुरुवात कशी करायची ते कुणालाच कळत नव्हतं. तेवढ्यात आतून, तव्यावरचा घावणा न सोडता, मावशींनी विचारलं, "गो, जिती आसा मां ती?"

रमाने घाईघाईने शेवटचं पान उघडलं, बोट फिरवलं. "हो आजी. पोस्टात काम करते."

"वाच मगे."