बटण दाबेपर्यंत

अलार्मच्या धंद्यात पडलं की किस्से आपोआप साठतात. लोक आम्हाला फोन करतात तेच मुळी काहीतरी बिघडल्यावर! सगळं सुरळीत चाललंय म्हणून कौतुकाचा फोन अजून कुणी केलेला नाही. त्यामुळे आमचे किस्से ऐकून लोक हसतात, पण जरा जपूनच हसतात.

खडकीजवळ एका शेडमध्ये आमची छोटी कंपनी. आम्ही गॅसगळतीचे अलार्म बनवतो. मी सर्व्हिसला आणि प्रोग्रॅम लिहायला रफीकभाई. त्यांचा प्रोग्रॅम भलताच हट्टी. सेन्सरला गॅस लागला की व्हॉल्व्ह बंद, बझर चालू आणि प्रोग्रॅम तिथेच ठाण मांडून बसतो. गॅस उडून गेला तरी हलत नाही. कुणीतरी येऊन बटण दाबलं तरच व्हॉल्व्ह पुन्हा उघडून पुढे सरकतो. भाई म्हणायचे, "मशीनला वास कळतो, कारण कळत नाही. ते बघायला माणूसच यायला पाहिजे."

या हट्टामागे त्यांच्या घरातलं दुखणं होतं. त्यांच्या बायकोला, नसीमभाभींना, विसरायचा आजार जडला होता. गॅसचा नॉब फिरवायच्या आणि पेटवायला विसरायच्या. मुलगी त्यांना सोलापूरला न्यायला तयार होती, पण डॉक्टर म्हणाले, घर बदललं तर उरलंसुरलंही जाईल. नोकरी सोडणं भाईंना परवडत नव्हतं. मग त्यांनी आमचाच एक अलार्म घरी बसवला आणि त्याच्या भरवशावर भाभींना घरी ठेवून कामावर यायला लागले. तो अलार्म चुकला, तर भाभींचं घर सुटणार होतं किंवा त्याहून वाईट.

* * *

हिंजवडीच्या अलीकडे एका हॉटेलात नेहमीच्या तपासणीला गेले, तर अलार्म वाजतच नव्हता. बघते तर बटणाच्या फटीत आगकाडी खुपसलेली! बटण कायमचं दाबलेलं.

"आवं ताई, लय वरडतंय ते. गिऱ्हाईक उठून जातंय. म्हणून तोंडच बंद केलं त्याचं."

"आणि खरंच गॅस लागला तर?"

"मंग तुमाला फोन करतो की!"

ऑफिसात सगळे हसले. रफीकभाई हसले नाहीत. प्रोग्रॅमने बटण आधी सुटलेलं बघायचं, मगच दाबलेलं मानायचं, असा बदल त्यांनी जेवणाची सुट्टी सोडून केला. आमचे मालक बर्वेसाहेब वैतागले, "भाई, गिऱ्हाइकावर काही विश्वास ठेवणार की नाही?"

"गिऱ्हाइकावर आहे साहेब, आगकाडीवर नाही."

* * *

एरंडवण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला खुर्ची न देताच विचारलं, "गॅसचा वास मला आधी आला, तुमच्या यंत्राला नंतर. त्याला सर्दी झाली आहे का?"

बघितलं तर सेन्सर पार माळ्यापाशी ठोकलेला. मी म्हटलं, "काका, हा गॅस जड असतो, खाली बसतो. सेन्सर जमिनीजवळ लागतो."

"मग हे आपण आधी सांगायचं होतं. मी विनाकारण त्याला डोक्यावर बसवून ठेवला!"

* * *

आमचीही चूक झाली होती, आणि ती भाईंच्याच हातून. एका बेकरीत दोन सेन्सर होते, एक भट्टीपाशी आणि एक सिलिंडरच्या खोलीत. भट्टीपाशी अलार्म झाला, प्रोग्रॅम बटणाची वाट बघत थांबला. थांबला म्हणजे इतका इमानदारीने थांबला की दुसऱ्या सेन्सरकडे बघायचंही त्याने सोडून दिलं! सिलिंडरच्या खोलीत गॅस साचला तो कामगारांना वासावरून कळला म्हणून निभावलं.

बर्वेसाहेब फोनवर बेकरीवाल्याची माफी मागत होते. भाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, बोलणी बसतील म्हणून घाबरले. ते पिशवी उचलून हळूच म्हणाले, "वैशाली, माझ्या घरी हाच प्रोग्रॅम आहे."

आणि डबा तसाच उघडा टाकून घरी गेले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

* * *

मग एका आयटी पार्कच्या कॅन्टीनची मोठी ऑर्डर चालून आली. एसी खोलीत मीटिंग. त्यांचा मॅनेजर म्हणाला, "सर, सिस्टिम मस्त आहे. फक्त रिसेट मोबाइल ॲपवरून द्या ना. तिथे फिजिकली कोण जाणार?"

भाई म्हणाले, "ज्याला तिथे जायचं नाही, त्याने तिथे गॅस लावू नये."

ऑर्डर गेली.  परतीच्या ट्रॅफिकमध्ये वाकड ओलांडल्यावर बर्वेसाहेब म्हणाले, "भाई, तुम्ही अलार्म विकताय की संस्कार?"

* * *

भाईंच्या घरच्या अलार्मचंही काही सरळ नव्हतं. सुरुवातीला बटण ओट्याजवळ होतं. बझर वाजला की भाभी कावून पहिल्यांदा बटणच दाबायच्या. नॉब उघडाच! म्हणून भाईंनी बटण उचलून बाहेर जिन्यात, शेजारच्या जोशीकाकूंच्या दाराजवळ नेलं. बझर वाजला की काकूंनी आत जायचं, नॉब बंद करायचा, खिडकी उघडायची आणि बाहेर येऊन बटण दाबायचं. काकूंनीही कधी कां-कू केलं नाही.

पण भाभींना आता तो बझर म्हणजे दारावरची बेल वाटायला लागला. वाजला की दार उघडायच्या. दारात काकू असायच्याच! "या, या, काकू! बसा, चहा टाकते." काकू बिचाऱ्या नॉब बंद करून बसायच्या. काकू हे सांगताना पहिल्यांदा खूप हसल्या होत्या. नंतर नंतर हसत नव्हत्या.

* * *

पुढे अलार्म रोजच वाजायला लागला, तोही चहाच्या वेळेला. भाई म्हणाले, "सेन्सर गेला वाटतं. तू बघ, मला आता माझ्या तपासण्याचा भरवसा नाही." सेन्सरच गेला असू दे, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

मी दुपारी गेले. जिन्यातलं बटणाचं खोकं उघडून बसले. भाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्याकडेच उघडते, तिच्यातून बाहेरची खोलीही दिसते. थोड्या वेळाने भाभी ओट्याशी आल्या. नॉब फिरवला. लायटरला हात लावला नाही, भांडं ठेवलं नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्च्या नीट केल्या, ओढणी सारखी केली आणि दाराकडे तोंड करून बसल्या. बझर वाजला. त्या हसतमुखाने दार उघडायला उठल्या.

मी काकूंच्या पुढे धावले, नॉब बंद केला. काकू दारातच उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावून.

भाईंना मी एवढंच सांगितलं, "सेन्सर चांगला आहे. उद्या दुपारी तुम्हीच चला."

ते आले. काकूंना येऊ नका म्हणून सांगून ठेवलं होतं. आम्ही दोघं जिन्यात उभे. आत खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. मग बझर. दार उघडलं.

"या, या!" भाभी म्हणाल्या.

भाई आत गेले, नॉब बंद केला, खिडक्या उघडल्या, बाहेर येऊन बटण दाबलं. सगळं शांत झालं. ते परत दाराशी आले. घरात ही दोघं आजवर हिंदीत बोलत आलेली. भाभी त्यांच्याशी स्वच्छ मराठीत, पाहुण्यांशी बोलावं तसं, म्हणाल्या, "बसा ना. आमचे हे अजून कामावरून यायचेत."

रफीकभाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. चपला दाराबाहेर काढल्या, पाहुण्यांच्या खुर्चीत नीट बसले आणि मराठीत म्हणाले, "काही हरकत नाही. मी थांबतो."