तान्ही भेग

आमच्या भावोजींइतका संशयी माणूस अख्ख्या रत्नागिरीत शोधून सापडायचा नाही. पण त्यांचा संशय माणसांवर कधीच नव्हता, वस्तूंवर होता. थोरल्या ताईचे हे यजमान कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले आणि भेगा शोधायला लागले. दिसणाऱ्या नव्हेत हो! "टिचकीनं कळते ती भेग म्हातारी. मला तान्ही हवी," म्हणायचे. त्यासाठी पडवीत यंत्र मांडलेलं. एका बाजूने वस्तूत कानाला न ऐकू येणारा आवाज सोडायचा, दुसऱ्या बाजूने टिपायचा. धड वस्तू दिलेला सूर तसाच परत करते. आत केसाएवढी चीर असली की तिचे काठ एकमेकांवर आपटतात आणि दुप्पट उंचीचा सूर मध्येच लुडबुडतो. त्या आगाऊ सुरापायी माझा लग्नातला कुकर त्यांनी आठ दिवस अडकवून ठेवला. ताईच्या पाट्यात तर इतक्या बारीक भेगा निघाल्या की आनंदाने भावोजी जेवायचे विसरले, आणि चटणी आमच्याकडून गेली.

गेल्या पावसाळ्यात आमची बोट किनाऱ्यावर ओढलेली होती. ह्यांनी हसत हसत भावोजींना बोटीचा पंखा फिरवणारा पोलादी दांडा, म्हणजे शाफ्ट, तपासू दिला. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की त्याच दिवशी बोट पाण्यात घालायची, ही आमच्या घरची रीत. ह्यांनी नारळ हातात घेतला आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी असे भावोजी धावत आले. "शाफ्ट बदला! दुप्पट सूर येतोय!"

"मिस्त्री सांगतो ठणठणीत, डोळ्याला काय दिसत नाय, नि तुमचा डबा सांगतो म्हणून थांबू?" हे भडकले.

जन्मात कधी आवाज न चढवलेले भावोजी बोटीपुढे वाळूत फतकल मारून बसले. "सहा माणसं जातायत हिच्यावरनं. घाला माझ्या अंगावरनं."

नारळ दिला, बोट राहिली. सगळं बंदर हसलं. नवा शाफ्ट यायला पंधरा दिवस लागले, आणि रागाच्या भरात ह्यांनी जुना भंगारात देऊन टाकला.

भावोजींना तो कापून आतली चीर सगळ्यांना दाखवायची होती. हातखंब्यापासून सावर्ड्यापर्यंत त्यांनी भंगाराची दुकानं पालथी घातली. संध्याकाळी आमच्या ओटीवर टेकले तेव्हा हात कोपरापर्यंत काळे. "नाय सापडला गो. मी बरोबर होतो का चुकलो, आता कधीच कळायचं नाय."

हे तेव्हा दर्यावर होते. मी चहा पुढे केला. "कळलं असतं, भावोजी. तोच शाफ्ट घालून हे गेले असते तर कळलं असतं."

बोलता बोलता मला रडू आलं. चहा निवेपर्यंत भावोजी हात पुसत बसले.